खेडची लढाई आणि साताऱ्याची गादी

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला लागले की भीमेकाठी राजगुरुनगर येते. हेच जुने खेड. ऑक्टोबर १७०७ मध्ये मराठ्यांच्या दोन फौजा इथे समोरासमोर ठाकल्या. एका बाजूला संभाजी महाराजांचे पुत्र शाहू, तर दुसऱ्या बाजूला त्यांच्या चुलती महाराणी ताराबाईंचे सरदार.

१६८९ मध्ये रायगड पडला, तेव्हा शाहू सात वर्षांचे होते. पुढची सतरा-अठरा वर्षे ते मोगलांच्या छावणीत कैदेत वाढले. औरंगजेब वारल्यावर मे १७०७ मध्ये आझमशाहाने त्यांना सोडले, पण त्यांच्या आई येसूबाईंना ओलीस ठेवून घेतले. मराठे आपसात भांडत बसावेत, हाच त्यात हिशेब.

ताराबाईंची बाजू मात्र लटकी नव्हती. राजाराम महाराज १७०० मध्ये गेले, तेव्हापासून सात वर्षे औरंगजेबाशी त्या झुंजल्या. थोरल्या महाराजांचे राज्य संभाजीराजांच्या हातून गेले, ते माझ्या पतीने पुन्हा उभे केले, तेव्हा गादी माझ्या मुलाची, असे त्यांचे म्हणणे. शिवाय आलेला हा शाहू खरा नव्हे, तोतया आहे, असेही त्यांनी जाहीर केले.

माझ्या मते सारी लढाई या एका शंकेवरच झाली. इतक्या वर्षांनी परतलेला तरुण खरा राजपुत्र, हे ओळखायचे कशावरून? मराठा सरदार परसोजी भोसले शाहूंबरोबर एका ताटात जेवले आणि आपल्यापुरता प्रश्न मिटवून टाकला. ताराबाईंनी आपल्या सरदारांना दूधभाताची शपथ घालून बांधून ठेवले, असे बखरी सांगतात. एका ताटातला घास त्या काळी कागदोपत्री पुराव्याहून मोठा होता.

शपथ घेतलेले सेनापती धनाजी जाधव खेडला आले खरे, पण शाहू खरे आहेत अशी त्यांची खात्री पटली होती. ही मध्यस्थी बाळाजी विश्वनाथांनी केली, असे मानले जाते. लढाई जुंपली तेव्हा धनाजी शाहूंना जाऊन मिळाले. एकटे पडलेले परशुरामपंत प्रतिनिधी साताऱ्याकडे हटले. रणात फार रक्त सांडले नाही, पण राज्याचे सेनापतीच फिरल्यावर ताराबाईंच्या पक्षाचा कणा मोडला.

पुढे साताराही शाहूंच्या हाती आला आणि जानेवारी १७०८ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनी कोल्हापूरजवळच्या पन्हाळ्यावरून वेगळा कारभार मांडला. तंटा लगेच मिटला नाही. धनाजींचे पुत्र चंद्रसेन १७११ मध्ये उलट ताराबाईंकडे गेले. कान्होजी आंग्रेही त्यांच्याच पक्षाचे होते. त्यांना बाळाजींनी बोलणी करून शाहूंकडे वळवले, आणि त्याच सुमारास, १७१३ मध्ये, पेशवाई बाळाजींकडे आली. पेशव्यांच्या घराण्याचा उदय असा या भाऊबंदकीतून झाला.

१७१४ मध्ये कोल्हापुरात त्यांच्या सवत राजसबाईंनी ताराबाईंनाच कैद करून आपल्या मुलाला गादीवर बसवले. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर अशी दोन राज्ये कायम झाली. ज्या पुतण्याला तोतया ठरवले, त्याच्याच साताऱ्यात ताराबाई पुढे राहिल्या. शाहू १७४९ मध्ये वारले, त्यानंतरही बारा वर्षे त्या हयात होत्या.