रेव्हलस्टोक : रेल्वेगावातल्या विक्रमी उड्या

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं रेव्हलस्टोक आज स्कीइंगच्या शौकिनांचं गाव आहे. २००७ साली सुरू झालेल्या तिथल्या रिसॉर्टचा माथ्यापासून पायथ्यापर्यंतचा उतार तब्बल १,७१३ मीटरचा आहे. पण या गावाचं नाव जगात गाजलं ते त्याच्या कितीतरी आधी, स्की जंपिंगमुळे, म्हणजे पायात स्की बांधून उतारावरून घसरत येऊन मारायच्या लांब उड्यांमुळे.

गाव वसलं रेल्वेमुळे. १८८५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला तो इथून जवळच, क्रेगेलाकीला. हिवाळाभर रूळ मोकळे ठेवायचे तर बर्फाशी रोजचीच झुंज. मार्च १९१० मध्ये रॉजर्स पास या रेल्वेमार्गावरच्या खिंडीत कोसळलेल्या बर्फाचा ढीग कामगार उपसत होते, तेवढ्यात दुसरा हिमकडा खाली आला आणि साठच्या आसपास माणसं गाडली गेली. त्यांतले बरेचसे जपानी मजूर होते. ज्या बर्फाने माणसं खाल्ली त्याच बर्फावर पाचच वर्षांत जत्रा भरू लागली, हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल. पण पोट भरायला आलेल्या नॉर्वेजियन आणि स्वीडिश लोकांना हा खेळ लहानपणापासून ठाऊक होता. १९१४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने स्की क्लब निघाला, लगेच पुढच्या वर्षी पहिली स्पर्धा झाली.

निल्स निल्सन हा त्यांच्यातलाच. १९१३ मध्ये नॉर्वेहून आला, रेल्वेत लागला. माउंट रेव्हलस्टोकच्या उतारावर, नव्याने झालेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, उड्यांची मोठी टेकडी तयार झाली. इतर ठिकाणी लाकडी मनोरे उभारून घसरण करावी लागे. इथे डोंगरच इतका उभा की बांधकामाची फारशी गरज नव्हती. उडीचं गणितही उतारावरच बसलेलं असतं. खेळाडू उंचावरून पडत असला तरी खालची जमीनही त्याच्यासोबत खाली जात असते, म्हणून टेकताना दणका कमी बसतो. मात्र उतार संपून सपाटी सुरू होते तिथवर उडी गेली, तर हाडांची खैर नाही. त्या काळी पायात लाकडाच्या जड स्की असत, आणि तोल राखायला हवेत दोन्ही हात गरगर फिरवत. हेल्मेटचा प्रश्नच नव्हता.

१९२१ मध्ये हेन्री हॉल या अमेरिकन खेळाडूने इथे २२९ फुटांची उडी मारून जागतिक विक्रम केला. १९२५ मध्ये खुद्द निल्सनने २४० फूट, म्हणजे ७३ मीटर गाठले. १९३२ मध्ये गावच्याच बॉब लिम्बर्नने ८२ मीटर. उण्यापुऱ्या काही हजार वस्तीच्या गावाला ही कमाई कमी नव्हे.

त्याहून मला महत्त्वाची वाटते ती इझाबेल कूर्सिए. मुलींनी उडी मारायची तर पुरुष खेळाडूचा हात धरून, असा तेव्हाचा शिरस्ता. १९२२ मध्ये सोळा वर्षांच्या इझाबेलने एकटीने ८४ फुटांची उडी मारली. तो महिलांचा जागतिक विक्रम मानला गेला. ऑलिम्पिकला मात्र महिलांचं स्की जंपिंग २०१४ पर्यंत नको होतं. त्याआधी २००९ मध्ये, व्हँकुव्हर ऑलिम्पिकच्या तोंडावर, काही महिला खेळाडू याच प्रांताच्या न्यायालयात गेल्या. न्यायाधीशांनी हा भेदभाव असल्याचं मान्य केलं, पण निर्णय आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या हातात असल्याचं सांगून दावा फेटाळला.

निल्सनने शिकारीतल्या अपघातात हात गमावला आणि त्याच्या उड्या थांबल्या. १९४३ मध्ये तो वारला. पुढे टेकडीला त्याचं नाव दिलं गेलं. तोवर विक्रम युरोपात गेले होते. स्लोव्हेनियातल्या प्लानित्साला खास लांब उड्यांसाठी आखून टेकडी बांधली गेली आणि १९३६ मध्ये ऑस्ट्रियाच्या सेप ब्राडलने तिथे शंभर मीटर ओलांडले. नैसर्गिक उतार, तो कितीही देखणा असो, अशा मोजूनमापून केलेल्या बांधकामापुढे टिकणं शक्यच नव्हतं. त्यात लोकांचा ओढा साध्या उतारावरच्या स्कीइंगकडे वळला. रेव्हलस्टोकच्या स्पर्धा १९७०च्या दशकात बंद पडल्या.

१९८८च्या ऑलिम्पिकसाठी कॅनडातल्याच कॅल्गरीत उड्यांचे मनोरे झाले, तेही २०१८ मध्ये बंद झाले. कॅनडाचे खेळाडू तेव्हापासून सरावाला स्लोव्हेनियात जातात. २०२२च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्यांच्या मिश्र संघाने कांस्यपदक मिळवलं, या खेळातलं देशाचं पहिलंच ऑलिम्पिक पदक. त्या संघातली अलेक्झांड्रिया लुटिट पुढच्याच वर्षी जगज्जेती झाली, तीही प्लानित्सात.