अमेरिकन स्टडीजमध्ये बी.ए. करायचंय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी बघा

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मला दरवर्षी असे फोन येतात. मुलाचे गुण चांगले, निबंध लिहून तयार, इंग्रजीची परीक्षाही झालेली. आणि कॉमन ॲपवर, म्हणजे एकाच अर्जाने अनेक अमेरिकन कॉलेजांत अर्ज करता येतो त्या संकेतस्थळावर, ‘स्कूल रिपोर्ट’ (कॉलेजने विद्यार्थ्याबद्दल भरायची माहिती) मात्र अजून आलेला नाही. कॉलेजला नाताळची सुट्टी, प्राचार्य गावाला, क्लार्क म्हणतो सोमवारी या. पोरांची लायकी कमी पडत नाही, कागद कमी पडतात. म्हणून हे लिहितोय.

विषय कोणता ते थोडक्यात. इतिहास, साहित्य, चित्रपट, संगीत, वंशभेद, स्थलांतर, धर्म हे सगळं एकत्र घेऊन अमेरिकेचा समाज समजून घ्यायचा, अशी ही चार वर्षांची पदवी आहे. येल आणि ॲमहर्स्टमध्ये तिला ‘अमेरिकन स्टडीज’ म्हणतात, मिशिगन विद्यापीठात ‘अमेरिकन कल्चर’. मिशिगनच्या या विभागात मूळ अमेरिकी, लॅटिनो, आशियाई, अरब आणि मुस्लिम अमेरिकी समाजांचा स्वतंत्र अभ्यासही करता येतो.

पहिला गैरसमज इथेच होतो. आपल्याकडे सीईटी दिली की अमुक शाखेची जागा मिळते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी प्रवेश कॉलेजला मिळतो, विषयाला नाही. ‘मेजर’, म्हणजे मुख्य विषय, नंतर, साधारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत जाहीर करायचा असतो. अर्जात विषयाची आवड लिहायची, पण त्या विषयाची जागा शोधत बसायचं नाही. (इंग्लंडमध्ये उलट आहे. तिथे यूकास या सामाईक प्रवेश यंत्रणेत अर्ज करतानाच अभ्यासक्रम ठरवावा लागतो.)

पात्रता सोपी आहे: बारावी, शाखा कुठलीही. टोफेल, आयईएलटीएस किंवा डुओलिंगो यांपैकी विद्यापीठ स्वीकारेल ती इंग्रजीची परीक्षा. एसएटी या प्रवेश परीक्षेचं मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं. येलला एसएटी, एसीटी, एपी किंवा आयबी यांपैकी कोणत्या तरी परीक्षेचे गुण लागतात, ॲमहर्स्टमध्ये ऐच्छिक आहेत.

आता खरी अडचण. त्यांना नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण हवे असतात. आपल्याकडे बोर्डाचं गुणपत्रक फक्त दहावी आणि बारावीचं. नववीचा निकाल शाळेत, अकरावीचा ज्युनिअर कॉलेजात, आणि दोन्हीकडे तो लेटरहेडवर इंग्रजीत लिहून द्यायची पद्धतच नाही. तुम्ही स्वतः एक साधा तक्ता टाइप करून न्या: विषय, मिळालेले गुण, पैकी गुण. त्यावर सही-शिक्का मागा. कोऱ्या कागदावर ‘ट्रान्स्क्रिप्ट द्या’ असा अर्ज केलात तर महिनाभर फेऱ्या माराल, कारण समोरच्याला काय द्यायचं तेच माहीत नसतं.

दुसरं, ‘काउन्सेलर’. असं पद आपल्या बहुतेक कॉलेजांत नाही. ते काम प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक करू शकतात. त्यांच्या ई-मेलवर दुवा येतो, त्यात स्कूल रिपोर्ट आणि शिफारसपत्र त्यांनीच भरायचं असतं. कॉलेजच्या नावाचा ई-मेल असेल तर तोच द्या. कृपा करून त्यांचा पासवर्ड घेऊन स्वतः भरू नका. एका मुलाने तसं केलं, दोन शिक्षकांच्या पत्रांत तीच वाक्यं आली, आणि पुढे त्याला काही स्पष्टीकरण देता आलं नाही. क्लासशी टाय-अप असलेल्या कॉलेजात नाव घातलं असेल तर तिथे तुम्हाला ओळखणारा शिक्षकच नसतो. अशांनी अकरावीतच दोन शिक्षकांच्या तासाला नेमाने बसावं, दुसरा इलाज नाही.

नावाचं बघा. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी. अर्ज पासपोर्टप्रमाणेच भरा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याची ओळ त्याच लेटरहेडवर घ्या.

तारखा. कॉमन ॲप १ ऑगस्टला उघडतं. लवकरच्या फेरीची मुदत बऱ्याच ठिकाणी १ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची अनेकदा जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे बारावीची परीक्षा व्हायच्याही आधी! ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांचं सरळ एक वर्ष जातं. सहामाहीचे गुण आणि शिक्षकांचे अंदाजित गुण आधी जातात, बोर्डाचा निकाल नंतर. आर्थिक मदतीच्या अर्जाची तारीख वेगळी असते, ती वेगळी लिहून ठेवा.

पैशांबद्दल तर फारच चुकीची माहिती फिरते. राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे, बी.ए.साठी नाही. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीही तशीच. मिशिगनसारख्या सरकारी विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्याला गरजेनुसार मदत जवळजवळ मिळत नाही. येल आणि ॲमहर्स्ट मात्र परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश ठरवतात आणि गरजेइतकी मदत देतात. पण ती अर्जाबरोबरच मागायची. नंतर मागू म्हणून सोडू नका.

त्यासाठी सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या आर्थिक स्थितीचा ऑनलाइन अर्ज, भरावं लागतं आणि आयकर विवरणपत्र मागतात. शेतकरी आईबापांकडे ते नसतंच, शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. तहसीलदाराच्या दाखल्यावर एकच आकडा असतो, तेवढ्यावर भागत नाही. डाळिंब लावणाऱ्या एका बापाने पिशवीभर विक्रीच्या हिशेबपट्ट्या आणल्या होत्या, अडत्याच्या, काही पावसात भिजलेल्या. आम्ही त्या महिन्यांप्रमाणे लावल्या, कोऱ्या कागदांवर चिकटवून स्कॅन केल्या आणि शेजारी इंग्रजी तक्ता केला: तारीख, क्रेट, रक्कम, हमाली-तोलाई वजा. सोबत सातबाऱ्याचं भाषांतर, बँकेचं पासबुक आणि विवरणपत्र का भरत नाही याचं सहीचं पत्र. असं काही पाठवण्याआधी विद्यापीठाच्या मदत कार्यालयाला ई-मेल करून काय चालेल ते विचारा. ते उत्तर देतात.

निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. हॉलिवूड आवडतं एवढ्यावर भरू नका. फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्यांना अर्पण केली. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नाव घेतलं ते तिथल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून. तुमच्या घरात, वस्तीत या धाग्याचं एखादं टोक असेल तर तिथून लिहा.

व्हिसाची पायरी प्रवेशानंतर. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो कागद, मिळवायला पहिल्या वर्षाच्या खर्चाइतके पैसे दाखवावे लागतात. त्यात जमिनीचं मूल्यांकन सहसा धरत नाहीत, कर्जमंजुरीचं पत्र चालतं. सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) शुल्क ३५० डॉलर. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडिया खाती लिहावी लागतात आणि २०२५ पासून ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. कर्ज घेणाऱ्यांनी एक हिशेब आत्ताच करावा: हा विषय स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसत नाही, त्यामुळे पदवीनंतर कामाची मुभा १२ महिन्यांची, इंजिनिअरांसारखी ३६ महिन्यांची नाही.

अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, तिकीट त्याप्रमाणे काढा. आणि सही केलेला आय-२० हातातल्या बॅगेत ठेवा, तो विमानतळावर इमिग्रेशनच्या खिडकीवर लागतो आणि तोवर मोठी बॅग हाती आलेली नसते.