वस्तू आणा, पण घासून आणू नका
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आजीचं मांडे भाजायचं खापर, आप्पांची चंची, मायने उभा जन्म जिच्यात पीठ मळलं ती काठवट, अशा घरातल्या वस्तूंपासून भिंतीवर लावायची किंवा कपाटात मांडायची कलाकृती करून देणं हे आमचं काम. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून लोक आमच्याकडे येतात. येण्याआधी काही गोष्टी माहीत असल्या तर वस्तूचं नुकसान टळतं. बरंचसं नुकसान वस्तू आमच्या हाती पडण्याआधीच, घरच्या घरी आणि अगदी चांगल्या हेतूने होतं. म्हणून हे लिहिलं आहे.

पहिली विनंती शीर्षकातच आहे. दुकानात न्यायचं म्हणून आदल्या रात्री तांब्या चिंच-मीठ लावून लख्ख करू नका. जुन्या पितळी भांड्यांवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घातलेली असतात: कोणी दिलं, कोणाला दिलं, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला. चिंचेतलं आम्ल आणि घासायची पूड दोन्ही मिळून दर वेळी धातूचा अगदी पातळ थर नेतात. साठ-सत्तर वर्षं घासलेल्या कळशीवर ती अक्षरं आधीच उथळ झालेली असतात, एका जोरकस घासणीने त्यातली वेलांटी किंवा गावाचं नाव कायमचं जाऊ शकतं. बुडाची काजळी, आत उरलेला कल्हईचा डाग, काठावरचा पोचा, एकाच बाजूने झिजलेला कडीचा भाग, हे सगळं त्या घरात त्या माणसाच्या हाताने झालेलं आहे. चकचकीत नवा तांब्या बाजारात केव्हाही मिळेल. ही झीज कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही, आणि आमच्या दृष्टीने कलाकृती तिथूनच सुरू होते.

तुम्ही एवढंच करा: मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपा आणि वस्तू जुन्या सुती धोतरात किंवा ओढणीत गुंडाळून आणा. तांब्यावर सुटी हिरवी पूड दिसत असेल तर ती आम्ही काढतो, कारण तो गंज पुढे पसरू शकतो. लोखंडी विळी, सांडशी, पावशी यांचा सैल गंज खरवडून आम्ही मेणाचा पातळ हात देतो. तेल लावू नका, त्यावर धूळ बसते. चांदीची वस्तू रबर बँड लावून किंवा लोकरीत गुंडाळून ठेवू नका. दोन्हींत गंधक असतं आणि त्याने चांदी काळी पडते.

कोणती वस्तू निवडावी

बहुतेक लोक पोतंभर वस्तू घेऊन येतात आणि सगळ्या एकाच फ्रेममध्ये बसवा म्हणतात. आमचा सल्ला ठाम आहे. मुख्य वस्तू एकच घ्या, सोबतीला फार तर दोन. किमतीकडे पाहून निवडू नका. वस्तू समोर ठेवा आणि ती पाहिल्याबरोबर त्या माणसाचं कोणतं काम डोळ्यांसमोर येतं ते बघा. चांदीचा करंडा पाहून काहीच आठवत नसेल आणि चुलीजवळची फुंकणी पाहून मायचा धुराने लालबुंद झालेला चेहरा आठवत असेल, तर फुंकणीच आणा. आमच्या भागात अशा वस्तूंना तोटा नाही: बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) पीठ हाटायचा लाकडी दांडा, कुरडयांचा सोऱ्या, कापूस वेचताना कमरेला बांधायची झोळी, केळीचे घड उतरवायचा विळा, भुसावळच्या घरांमध्ये हमखास सापडणारी रेल्वेची शिट्टी किंवा हातकंदील. शेर-पायलीची मापं असतील तर ती नक्की दाखवा. 1956 च्या कायद्याने किलो-लिटरची पद्धत आली आणि ही मापं हळूहळू माळ्यावर गेली, त्यामुळे अशा मापाच्या वयाचा अंदाज बांधायला तेवढा एक धागा हाती लागतो.

अशा वस्तूंना कला म्हणावं का, असं घरातलं कोणीतरी विचारतंच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन या. अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री, स्वयंपाकघरातली भांडी, अशा रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे दालनंच्या दालनं भरून आहेत. दिनकर केळकरांनी (1896–1990) त्या जन्मभर गोळा केल्या आणि संग्रहाला आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. दुसरं उदाहरण युरोपातलं. पिकासोने 1942 मध्ये सायकलचं एक जुनं सीट आणि एक हँडल जोडून बैलाचं मुंडकं केलं. सीट हा चेहरा, हँडल ही शिंगं. बाकी काही नाही. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवत वाढलेल्या आपल्या माणसांना ते बघताक्षणी उमगतं.

त्यातून आम्ही जे घेतलं ते असं. बैलजोडी विकल्यावर घरात घुंगुरमाळ आणि तोंडाला बांधायचं मुसकं उरलं असेल, तर मागे बैलाचं चित्र रंगवायची गरज नाही. माळ बैलाच्या गळ्याला जशी झोकात पडायची तशीच वळवून, तेवढ्याच उंचीवर अडकवली, मुसकं तिच्या पुढे योग्य अंतरावर ठेवलं, की मधल्या रिकाम्या जागेत बैल दिसतो. त्या घरातल्या माणसाला तर नक्कीच दिसतो. मोती, लेस, कृत्रिम फुलं, चमकी लावून मिळेल का, असं विचारलं जातं. आम्ही ते करत नाही. त्या सजावटीखाली वस्तू झाकली जाते.

खापराबद्दल थोडं वेगळं. ज्यावर मांडे भाजले गेले त्या खापराची एक बाजू गुळगुळीत, तर चुलीकडची बाजू काळीकुट्ट. समोर कोणती ठेवायची हे घरातल्यांनी बसून ठरवावं. आम्ही मत देऊ, पण निर्णय तुमचा. खापर ठिसूळ असतं, त्यामुळे ते उभं अडकवत नाही. कापडाच्या गादीवर किंचित कलतं बसवतो. तडा गेलेला असला तरी आणा. तडा बुजवून रंगवण्याचा आग्रह मात्र धरू नका.

चिकटवत का नाही

आमचा एक नियम आहे, त्याला अपवाद नाही: फ्रेममध्ये गेलेली वस्तू जशी गेली तशी परत काढता आली पाहिजे. उद्या कोणाला वाटलं की यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्याच खापरावर मांडे करू, किंवा कानबाईच्या पूजेत आजीचंच ताट हवं, तर स्क्रू काढले की वस्तू हातात यावी. म्हणून धातूला आम्ही तारेचे आकडे करतो आणि धातू धातूवर घासू नये म्हणून मध्ये सुती पट्टी घालतो. कापड मागच्या कापडावर सुती दोऱ्याने, मूळच्या विणीतून सुई घालून, टाचतो. कागद लावायचाच असेल तर मैद्याची खळ वापरतो, ती पाण्याने सुटते. खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद टाकायची जुनी रीत आहे, पण मोरचूद विषारी. घरी करून पाहणार असाल तर मोरचूद टाकू नका आणि खळ ताजीच करा.

गरम बंदुकीचा गोंद (ग्लू गन) आपल्या भागात वापरायचाच नाही, याला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 44-45 अंशांवर जातो. पश्चिमेच्या भिंतीवर, काचेच्या आत, दुपारच्या उन्हात तापमान त्याहून बरंच वर चढतं. गोंद मऊ पडतो, वस्तू घसरते आणि डाग कायमचा राहतो. झटपट चिकटणारे गोंद पितळेवर पांढरी झाक सोडतात आणि कापड कडक करतात. घरी कोणी आधीच काही चिकटवलं असेल तर ओढून काढू नका, तसंच आणा.

गोधडी आणि वाटणी

सगळ्यात नाजूक प्रश्न हा. आजी गेली, गोधडी एक आणि नातवंडं सहा. मग कोणीतरी म्हणतं, तुकडे करून प्रत्येकाला एक-एक फ्रेम द्या. आम्ही धडधाकट गोधडी कापत नाही. तिच्यात कोणाचं लुगडं, कोणाचा परकर, कोणाच्या बाळंतपणातलं दुपटं आहे हे टाक्यांच्या ओळींतून सलग वाचता येतं, कापल्यावर ती ओळ तुटते. त्याऐवजी गोधडी आम्लरहित पुठ्ठ्याभोवती सैल घडी घालून बसवतो आणि एक भाग दर्शनी ठेवतो. दोन-तीन वर्षांनी घडी बदलून दुसरा भाग पुढे आणता येतो. त्यामुळे एकाच ठिकाणी रेघ पडत नाही आणि फ्रेम भावंडांमध्ये फिरवता येते. विरून चिंध्या झालेलं लुगडं असेल तर गोष्ट निराळी, त्याचा पदर वेगळा काढून बसवायला हरकत नाही.

वाटायचंच असेल तर वाटण्याजोगं निवडा. पळ्या, वाट्या, मापं, चाव्यांचा जुडगा. प्रत्येक घरी एक वस्तू आणि तिच्यामागे त्याच माणसाच्या अक्षरातल्या हिशेबाच्या वहीच्या पानाची प्रत. मूळ पान लावू नका, उजेडात शाई उडते. आम्ही त्याची रंगीत प्रत छापतो आणि मूळ पान फ्रेममागच्या कप्प्यात ठेवतो. जुन्या फोटोचंही तसंच. काचेला चिकटलेला फोटो सोडवायचा प्रयत्न कृपया करू नका, काचेसकट आणा.

गोधडी धुऊन आणू नका, जुने रंग पसरतात. लाकडाच्या वस्तूतून बारीक पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत भुंगा आहे, तेव्हा आधी फोन करून सांगा, बाकी सामानात ठेवू नका. साधी, रंग न दिलेली लाकडी वस्तू असेल तर ती हवाबंद पिशवीत उणे 18 अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवतो. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर तशीच बंद ठेवतो, म्हणजे दव पिशवीवर जमतं, लाकडावर नाही.

सोबतची चिठ्ठी

प्रत्येक कलाकृतीच्या मागे एक चिठ्ठी असते. वस्तू कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या कामाची आणि कधीपर्यंत वापरात होती, एवढं चार ओळींत पुरे. ती आमच्याकडून छापून घेऊ नका, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला स्वतःच्या हाताने लिहू द्या. लिहिता येत नसेल तर ते सांगतील तसं नातवाने उतरवावं. घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच, लेवा बोली बोलत असाल तर त्या बोलीत. ‘मन्ही मायनं खापर’ असं लिहिलेलं आम्हाला कुठल्याही सुबक छापील मजकुरापेक्षा मोलाचं वाटतं. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी, पेन्सिल उडत नाही आणि ओल लागली तरी पसरत नाही.

काय घेत नाही

हस्तिदंताची कोणतीही वस्तू घेत नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न येतो. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती असेल तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली नोंदणी आहे का ते आधी पाहावं लागतं. रोजच्या पूजेतले देव फ्रेममध्ये बसवत नाही.

घरी लावताना

पाटा-वरवंटा किंवा जात्याची तळी भिंतीवर लावू नका. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांची मातीची भिंत तेवढं वजन पेलत नाही, त्यासाठी आम्ही लाकडी बैठक करून देतो. हलक्या फ्रेमसाठीही मातीच्या भिंतीत खिळा न ठोकता लाकडी आढ्याला किंवा खुंटीला टांगायची सोय पाहा. पश्चिमेची भिंत, चुलीसमोरची भिंत आणि न्हाणीला लागून असलेली भिंत या तीन जागा टाळा. फ्रेमच्या मागच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावलेले असतात, ते काढू नका, त्यांच्यामुळे मागून हवा खेळते आणि पावसाळ्यात बुरशी धरत नाही. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या, थेट काचेवर मारू नका. कापूस, गोधडी अशा सुटे तंतू असलेल्या वस्तूंना आम्ही ॲक्रिलिक न लावता काचच लावतो, कारण ॲक्रिलिक घासलं की तंतू ओढून घेतं.

खर्च फ्रेमच्या लांबी-रुंदीवर आणि खोलीवर ठरतो, वस्तूच्या मोलावर नाही. वस्तू पाहिल्याशिवाय आकडा सांगत नाही. दिवाळीच्या तोंडावर गर्दी असते, तेव्हा भेट द्यायची असेल तर पोळ्याच्या आसपास या. वस्तू तुमच्यासमोर मोजून, फोटो काढून, पावती देऊन ताब्यात घेतो आणि बसवायच्या दिवशी तुम्हाला बोलावतो. काच लावण्याआधी घरातल्या एकाने तरी मांडणी बघून हो म्हटलं पाहिजे. पहिला पावसाळा उलटला की फ्रेम एकदा दाखवायला आणा. ती उघडून आतून तपासतो, त्याचे पैसे घेत नाही.