लोहारकी बंद, भाऊ!

नागपुरात 'स्कायरिम' हा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांची बैठक जमली की "लोहारकी बंद, भाऊ, मगच मजा" असं कोणीतरी म्हणतंच; म्हणजे गेममध्ये शस्त्रं-चिलखतं घडवून तगडं व्हायचं नाही. गेमने देऊ केलेली ताकद आपणहून नाकारायची, हे बाहेरच्याला येडपटपणाच वाटेल. पण या अटींचं मूळ जुनं आहे.

१९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा टेबलाभोवती बसून खेळायचा साहसखेळ आला, तेव्हा खेळ किती अवघड ठेवायचा हे समोर बसून तो चालवणारा डंजन मास्टर ठरवी. मंडळी जेरीस आली की तो राक्षस कमी करी, माजली की वाढवी. खेळ कॉम्प्युटरवर गेला आणि ती खुर्ची रिकामी झाली. १९८० च्या 'रोग'मध्ये पात्र मेलं की संपलं, पुन्हा पहिल्यापासून. 'डायब्लो २'ने २००० साली हाच नियम हार्डकोअर मोड म्हणून ऐच्छिक केला.

खरा पेच मोकळ्या जगाचा. खेळाडू कधीही, कुठेही पोचणार; मग शत्रू किती तगडा ठेवायचा? 'स्कायरिम'च्या आधीच्या 'ऑब्लिव्हियन'ने २००६ मध्ये खेळाडूच्या लेव्हलबरोबर, म्हणजे ताकदीच्या पायरीबरोबर, शत्रूंनाही वाढवलं. त्याचे परिणाम मासलेवाईक झाले. चार नाण्यांसाठी वाट अडवणारा दरोडेखोर पुढे महागडं 'ग्लास' चिलखत घालून उभा! शिवाय लेव्हल वाढायची ती झोपल्यावरच, म्हणून काही बहाद्दर झोपलेच नाहीत आणि पहिल्याच लेव्हलवर मुख्य कथा उरकून मोकळे झाले.

२०११ च्या 'स्कायरिम'ने हे पुष्कळ सावरलं, पण दुसरं भोक ठेवलं. मंतरायची ताकद वाढवणारा काढा पिऊन अंगठी मंतरायची, ती घालून आणखी जालीम काढा करायचा, की पुन्हा मंतरायचं. त्यावर लोहारकीची जोड मिळाली की ड्रॅगनही किरकोळ. २०१३ मध्ये आलेल्या लेजंडरी या सर्वांत अवघड पातळीवर आपला घाव पाव होतो आणि शत्रूचा तिप्पट. माझ्या मते हा अवघडपणा नव्हे, नुसती लांबण. म्हणून लोकांनी आपापले नियम केले, आपल्या गल्लीतल्या 'एक टप्पा आऊट'सारखे. पोकेमॉनमधला २०१० चा 'नझलॉक' त्यातला गाजलेला: प्रत्येक भागात भेटलेला पहिलाच पकडायचा, आणि बेशुद्ध पडला की मेला समजायचा. (लोडशेडिंगच्या काळात यूपीएस नसलेल्या नागपूरकरांना केलेलं सगळं गमवायची शिक्षा फुकटातच मिळे.)

'बाल्डर्स गेट ३'ने नोव्हेंबर २०२३ मध्ये ऑनर मोड आणला: एकच सेव्ह (म्हणजे चुकलं तर मागच्या टप्प्यावर परत जाता येत नाही), बड्या शत्रूंना नवे डाव आणि खेळाडूंच्या काही पळवाटा बंद. स्फोटकांची पिंपं रचून अख्खी लढाई एका ठिणगीत उडवायची सोय मात्र शाबूत राहिली. ती वापरणारा ऑनरवाला म्हणायचा का, यावर धरमपेठेत चहा दोनदा होतो.