शीड गुंडाळलेली होडी

शिडाची छोटी होडी घ्यायची, फिरायचे मात्र मशीनवर, आणि रात्री नांगर टाकून आतच झोपायचे. नाशिककरांना हे ऐकायला विचित्र वाटते, कारण गंगापूरच्या जलाशयावर आपल्या डोळ्यांना सवय आहे ती फेरी मारून काठाला लागणाऱ्या मोटरबोटींची.

किनाऱ्यावर ही सरमिसळ जुनीच. कोकणातल्या मचव्यांवर मशीन आले तेव्हा डोलकाठी लगेच उतरली नाही. मशीन बंद पडले तर घरी आणणारे शीडच होते. हौशी होड्यांत बदल घडवला तो फायबरग्लासने. १९६० च्या दशकात २२ ते २६ फुटी केबिनच्या होड्या साच्यातून भराभर निघू लागल्या: चार बिछाने, एक स्टोव्ह, मागे टांगलेले इंजिन. वारा पडला की कुटुंबे मशीन लावून खाडीत शिरत आणि तिथेच मुक्काम करत. यात आळस नव्हता. ही बांधणी मुळातच कमी ताकदीवर चालते. पाण्यालगतची लांबी २० फूट असेल तर वेग साधारण ६ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटरपर्यंत, जातो; त्यापुढे होडी स्वतःच्याच लाटेत अडकते. तेवढ्याला ५-६ अश्वशक्ती पुरते. शिवाय तळाचा जड कणा (कील) आणि उंच डोलकाठी यांमुळे रात्री तिचे डोलणे संथ होते, झोप लागते.

१९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका कारखान्याने अशाच २६ फुटी होडीला ५० अश्वशक्तीचे इंजिन दिले. स्थैर्यासाठी पोटात भरलेले पाणी सोडून दिले की ती मोटरबोटीसारखी पळायची. शिडाच्या कट्टर लोकांना ती पटली नाही. धड ही नाही, धड ती नाही.

खरा गुंता नावाचा आहे: हिला शिडाची म्हणायचे की मशीनची? टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत प्रश्न एकच: या क्षणी मशीनवर चालली आहे का? असेल, तर शीड कितीही फुगलेले असो, ती यांत्रिक नौका. शीड उभारलेले असताना मशीनही चालू असेल, तर दिवसा तिने (१२ मीटरपेक्षा छोटी असेल तर सक्ती नाही) पुढे, टोक खाली केलेला शंकू टांगायचा. तो दिसला की समोरच्याने समजायचे, हिला शिडाच्या होडीचा अग्रक्रम नाही. आपल्या १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याने मात्र उलट बाजूने पाहिले: नुसत्या शिडावर जाता येईल एवढे शीड असेल, तर मशीन असो वा नसो, ती शिडाचीच. पण हौसेच्या नौका त्या व्याख्येतून वगळल्या. नद्या-जलाशयांच्या बाजूला, २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याने विभागणी केली ती यांत्रिक आणि बिगरयांत्रिक अशी.

मला १९७२ चा निकष सरस वाटतो. तो बांधणीला नाही, वापराला विचारतो, आणि नाशिकला कळीचा मुद्दा तोच आहे. गंगापूरचे पाणी शहराच्या नळाला येते. इंजिन किती तास चालले, पेट्रोल भरताना टाकीच्या तोंडाशी फडके धरले का, मुक्कामाचे सांडपाणी डब्यात भरून काठावर आणले का, हे डोलकाठीकडे बघून कळत नाही.