'आतलिए द' की 'एकोल द'?

फ्रेंच लिलावाच्या कॅटलॉगमध्ये चित्रकाराच्या नावाआधी एखाद-दुसरा शब्द येतो आणि चित्राची किंमत पुष्कळदा त्यावरच हलते. त्यातली एक जोडी इंग्रजीत नेताना हमखास घोटाळा होतो: 'आतलिए द रेम्ब्रांट' आणि 'एकोल द रेम्ब्रांट'. पहिल्यात कार्यशाळा, दुसऱ्यात शाळा. दोन्हीकडे गुरू-शिष्य आहेतच, मग एवढं काय, असं वाटतं.

फ्रान्समध्ये ३ मार्च १९८१ चा एक शासकीय आदेश आहे. कॅटलॉगमधला कुठला शब्द कसली हमी देतो, हे त्यात लिहून ठेवलंय. 'आतलिए' लिहिलं की चित्र त्या चित्रकाराच्या कार्यशाळेत किंवा त्याच्या देखरेखीखाली झालेलं हवं. पेणच्या गणपतीच्या कारखान्यासारखंच हे: नाव मालकाचं, रंगवणारे हात बरेच.

'एकोल' जास्त ऐसपैस आहे. रंगवणारा त्या चित्रकाराचा शिष्य असावा, किंवा त्याच्यावर गुरूचा उघड प्रभाव असावा, किंवा त्याने गुरूचं तंत्र उचललेलं असावं. फक्त वेळेची अट आहे: चित्र गुरू हयात असताना किंवा त्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षांच्या आत झालेलं हवं. रेम्ब्रांट १६६९ मध्ये गेला. म्हणजे १७०५ साली रंगवलेलं चित्र 'एकोल'मध्ये बसू शकतं, पण 'आतलिए'मध्ये कसं बसणार? मालक जाऊन तोवर ३६ वर्षं झालेली. मराठीत मी 'एकोल'ला घराणं म्हटलं असतं, पण आपल्या घराण्यांना अशी मुदत कुठे असते!

इंग्रजीत 'आतलिए'चं 'स्टुडिओ ऑफ' बिनदिक्कत करावं. 'एकोल'चं 'स्कूल ऑफ' मात्र करू नये, कारण ५० वर्षांची अट त्या शब्दात कुठेच उरत नाही. 'फॉलोअर ऑफ' जवळचं वाटतं, पण लंडनच्या लिलावगृहांच्या वापरात तो शैली उचलणारा कुणीही असू शकतो, शिष्यच हवा असं नाही, आणि ५० वर्षांची अट त्यातही उरत नाही. माझ्यावर आलं असतं तर मी 'एकोल' तसंच ठेवून खाली दोन ओळींची टीप दिली असती. अनुवादकाची हार म्हणा हवं तर.

हा शब्द किती महागात पडू शकतो, हे त्या आदेशाच्याही आधी एका जोडप्याने अनुभवलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांचं एक चित्र पॅरिसमध्ये 'एकोल दे कराश' म्हणून लिलावात गेलं. कराश म्हणजे इटलीतल्या बोलोन्याचे कराच्ची, चित्रकारांचं एक कुटुंब. २,२०० फ्रँकला विकलं गेलं आणि लगेच फ्रेंच राष्ट्रीय संग्रहालयांनी अग्रहक्क (लिलावातल्या खरेदीदाराऐवजी त्याच किमतीला स्वतः घेण्याचा हक्क) वापरून ते घेतलं. पुढे लूव्रमध्ये ते सतराव्या शतकातल्या नामवंत फ्रेंच चित्रकाराचं, निकोला पूसाँचं म्हणून टांगलं गेलं. जोडपं कोर्टात गेलं. त्यांचं म्हणणं एवढंच, की हे पूसाँचं असूच शकत नाही असं समजून आम्ही विकलं. 'एकोल' वाचल्यावर हा समज होणारच, कारण पूसाँचं नाव त्या शब्दाने दारातच अडवलं होतं. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, खाली परत आला, आणि अखेर १९८७ मध्ये व्हर्सायच्या अपील न्यायालयाने विक्री रद्द केली.