स्वयंपाकघरातल्या युक्त्यांची कुळकथा

राखेने भांडी लख्ख निघतात. मांस आधी कडक तव्यावर भाजलं की रस आतच राहतो. फ्रिजमध्ये खायच्या सोड्याचा डबा उघडा ठेवला की वास जातो. तिन्ही गोष्टी सारख्याच ठामपणे सांगितल्या जातात. पण पहिली अनुभवातून आली, दुसरी एका रसायनशास्त्रज्ञाच्या चुकलेल्या तर्कातून आणि तिसरी जाहिरातीतून.

राखेचं काम खरंच पक्कं आहे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. राख ओली झाली की तो क्षार पाण्यात उतरतो आणि ओशटपणा सुटायला लागतो. बारीक कण घासणीचं काम करतात. साबण आणि काच बनवायलाही असेच क्षार लागत. मागणी वाढली तशी राख पुरेना. १७९१ मध्ये फ्रान्सच्या निकोला लब्लांने मिठापासून धुण्याचा सोडा काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे १८६१ मध्ये बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्वेने त्याहून स्वस्त पद्धत काढली.

मग भांडंच बदललं. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांचा पत्ता नसताना, विजेच्या मदतीने ॲल्युमिनियम वेगळं करायची एकच रीत शोधली आणि पुढे हलकी, स्वस्त पातेली आली. लोखंडाला चालणारी राख आणि सोडा इथे मात्र नडतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो, तो क्षाराने विरघळतो आणि पातेलं काळवंडतं. त्यात पाणी आणि लिंबाचा रस घालून उकळी आणली की काळेपणा बराचसा उतरतो. जुनी युक्ती खोटी नव्हती, ती वेगळ्या धातूसाठी होती, एवढंच.

मांसाचा रस कोंडून ठेवायची कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिगने १८४७ च्या सुमारास मांडली. पृष्ठभाग चटकन तापवला की कवच तयार होतं, असं त्याचं म्हणणं. असं कवच होत नाही. तव्यावरचा चर्र आवाज म्हणजे पाणी बाहेरच पडत असतं. भाजल्याने चव वाढते ती मायार अभिक्रियेमुळे, म्हणजे तापल्यावर प्रथिनांतले घटक आणि साखर यांच्यात होणाऱ्या रासायनिक बदलामुळे, आणि तिचं वर्णन १९१२ चं. नाव मोठं असलं की चूकही दीर्घायुषी होते!

सोड्याचा डबा फ्रिजमध्ये शिरला तो १९७० च्या दशकात, अमेरिकेतल्या आर्म अँड हॅमर ब्रँडच्या जाहिरातींतून. खायचा सोडा आम्लधर्मी वासांशी संयोग पावतो, हे खरं. पण अरुंद तोंडाच्या डब्यातला सोडा हवेला भिडतो तो वरच्या थरापुरताच. वास घालवायचाच असेल तर तो पसरट ताटलीत ठेवावा.

आणि सोड्यावर व्हिनेगर ओतून फेस काढायचा लाडका प्रयोग? दोघं एकमेकांना मारतात. उरतं ते बहुतांशी पाणी आणि सोडियम ॲसिटेट. किटलीतल्या पांढऱ्या थराला नुसतं व्हिनेगर, तेलकट ओट्याला नुसता सोडा.